पेयाच्या नावातून उरलेले महापौर फेलिक्स किर

फ्रान्समधील दिजों शहराचे महापौर आणि कॅथलिक धर्मगुरू फेलिक्स किर यांचा जन्म १८७६ मध्ये बर्गंडी प्रांतात झाला. १९४० मध्ये जर्मन फौजांनी शहर ताब्यात घेतल्यावर त्यांनी हजारो युद्धकैद्यांच्या सुटकेस साहाय्य केले. १९४४ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मात्र ते बचावले. १९४५ पासून १९६८ मधील निधनापर्यंत ते महापौर होते. नगरभवनात पाहुण्यांना ते स्थानिक पेय आवर्जून देत. ग्लासात एक भाग ब्लॅककरंटचे गोड मद्य ओतून त्यावर चार-पाच भाग थंड आलिगोते ही पांढरी वाइन घातली, की घरीही ते तयार होते. पेय त्यांच्याआधीचेच; परंतु आज ते ‘किर’ याच नावाने ओळखले जाते.