यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (जन्म : १६ नोव्हेंबर १९२१; मृत्यू : १० जुलै १९४४) हे ब्रिटिश भारतीय सैन्यातील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे सैनिक आणि व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीमधील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना त्यांना वीरमरण आले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. त्यांचे ज्ञात थडगे कोठेही नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर, ठावठिकाणा न लागलेल्या सैनिकांच्या नामावलीत, त्यांचे नाव कोरलेले आहे. महाराष्ट्रात माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.

पार्श्वभूमी

घाडगे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. १९८१ साली या जिल्ह्याचे नामांतर रायगड असे झाले. काशीद, मुरूड, अलिबाग या किनाऱ्यावरील गावांमुळे हा जिल्हा आज सर्वत्र परिचित असला, तरी माणगावचा परिसर समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या बाजूला आहे. भातशेतीवर वर्षभराचा निर्वाह होणे कठीण असल्याने येथील तरुणांपुढे मुंबईची गिरणी, गोदी किंवा पलटण असे मोजकेच मार्ग असत. मराठा पलटणींची भरती देशावरील मराठे आणि कोकणी मराठे या दोन्ही गटांतून होत असे, आणि कोकणातील अनेक घरांत पलटणीत जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली व किती परतली नाहीत, हे नोंदवणारे संगमरवरी फलक महाराष्ट्रातील अनेक गावांच्या चावडीवर वा शाळेच्या भिंतीवर आजही दिसतात. त्यांवर बहुधा आकडे आहेत, नावे नाहीत.

तिसरी पलटण

घाडगे ज्या पलटणीत होते तिचा इतिहास या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी ती ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखली जाई. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात गेली, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील संपूर्ण फौजेबरोबर तुर्कांच्या कैदेत पडली. त्या कैदेत असंख्य सैनिक मरण पावले. मेसोपोटेमियातील मृतांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीय पलटणींच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यांचीच नावे दिली गेली आणि शिपाई, नाईक, हवालदार यांची केवळ संख्या नमूद झाली. अठ्ठावीस वर्षांनंतर इटलीत पडलेल्या त्याच पलटणीच्या नाइकाचे नाव पूर्ण कोरले गेले, हा फरक लहान नाही.

दुसऱ्या महायुद्धात तिसरी पलटण १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती. तेव्हा तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे युद्धकैदी झाले, इटलीतील कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले. याच डिव्हिजनमधून तिसरी पलटण इटलीत लढली. त्यामुळे घाडगे यांची पलटण आपल्याच जुन्या कमांडरच्या हाताखाली होती.

टायबर खोऱ्यातील लढाई

मे १९४४ मध्ये कॅसिनोची फळी मोडली आणि ४ जून रोजी दोस्त सैन्याने रोम घेतले. यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडील गॉथिक फळीकडे हटू लागले. ही माघार म्हणजे पळ नव्हता. प्रत्येक टेकडीवर, द्राक्षमळ्याच्या बांधावर, दगडी शेतघरात मशीनगन लावून ठेवायची, पुढे येणाऱ्यांची हानी करायची आणि शक्य तितका वेळ मिळवून पुढच्या टेकडीवर जायचे, अशी ही पद्धत होती. पेरुजाच्या उत्तरेस टायबरचे खोरे अरुंद होते आणि दोन्ही अंगांना उंच डोंगर येतात. दहाव्या डिव्हिजनला या डोंगरांवरून एकेक माथा घेत पुढे सरकावे लागले. मोठ्या तोफखान्यापेक्षा अशा ठिकाणी आठ-दहा माणसांच्या सेक्शनवर अधिक भार पडतो, आणि सेक्शनचा म्होरक्या असतो नाईक.

१० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे वगळता सेक्शनमधील सर्वजण ठार किंवा जखमी झाले. मागे मदत मागण्यास वा आडोसा घेण्यास न थांबता ते एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. प्रथम त्यांनी हातबॉम्ब टाकला. त्याने मशीनगन निकामी झाली व ती चालवणारा ठार झाला. मग टॉमीगनने त्यांनी आणखी एकास टिपले. मॅगझिन रिकामे झाले होते आणि नवे चढवण्यास अवधी नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याचे तडाखे देऊन ठार केले. मोर्चा ताब्यात आला, पण लगेच दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तेथेच मरण पावले.

हा सारा प्रकार काही मिनिटांत घडला असावा. घाडगे यांच्याविषयी जे काही सरकारी लेखी साहित्य प्रसिद्ध आहे, त्यातील बहुतेक भाग याच काही मिनिटांचा आहे.

व्हिक्टोरिया क्रॉस

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले व त्यांपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले. कमल राम, यशवंत घाडगे, शेर बहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव हे ते सहा जण. यांतील घाडगे व जाधव हे दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. जाधव मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे असून ते घाडगे यांच्यापेक्षा अवघ्या दोन दिवसांनी लहान होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरील पराक्रमाबद्दल त्यांना हे पदक मिळाले. जाधव युद्धातून परतले आणि १९८४ पर्यंत हयात होते. घाडगे यांच्या बाबतीत आठवण सांगणारा स्वतः कोणी उरला नाही. उरले ते गॅझेटमधील निवेदन आणि एका स्मारकशिळेवरील नाव.

अज्ञात थडगे आणि कॅसिनो स्मारक

घाडगे यांच्या मृत्यूविषयी शंका नव्हती. बेपत्ता झाला तो त्यांचा देह. इटलीतील डोंगराळ युद्धात असे वारंवार घडले. पडलेल्या सैनिकांना पुष्कळदा जागच्या जागी, घाईने मूठमाती दिली जाई. फळी पुढे सरकल्यावर खुणेची काठी वा क्रूस हरवे, नकाशावरील टिपण अपुरे ठरे. ब्रिटिश पद्धतीच्या ओळखबिल्ल्या त्या काळी धातूच्या नसून दाबलेल्या तंतूच्या असत व ओलाव्यात त्या टिकत नसत. युद्धानंतर विखुरलेली थडगी उकरून मोठ्या स्मशानभूमींत एकत्र आणताना ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या शिळेवर नाव येऊ शकले नाही.

हिंदू सैनिकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न होता. शक्य असेल तेथे त्यांना अग्नी दिला जाई, आणि अशा सैनिकांसाठी सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानभूमीत व फोर्ली येथे दहनस्मारके आहेत. घाडगे यांचे नाव या दहनस्मारकांवर नाही, अज्ञात थडग्यांच्या यादीत आहे. ज्याचा देह हाती लागला नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आपल्या परंपरेत सांगितलेला आहे, आणि शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीला करतात. देह नसलेल्या मृताचे काय करायचे, हा प्रश्न युद्धस्मशान आयोगाच्या कितीतरी आधीपासून समाजापुढे होता.

हा आयोग १९१७ मध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव थडग्यावर किंवा स्मारकावर यावे, हे त्याचे तत्त्व. ते सर्वत्र पाळले गेले नाही. २०२१ मध्ये आयोगाच्याच विशेष समितीने पहिल्या महायुद्धातील आफ्रिकी व आशियाई मृतांच्या बाबतीत भेदभाव झाल्याचे मान्य केले. बसऱ्याची नामावली हे त्याचेच उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत चित्र बरेच सुधारले होते.

कॅसिनो युद्धस्मशानभूमी रोमच्या आग्नेयेस सुमारे १३९ किलोमीटरवर, मोंते कॅसिनो मठाच्या पायथ्याशी आहे. तिच्या मध्यभागी, जलाशयाच्या भोवती हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा उभ्या आहेत. वास्तुकार लुई द सॉइसाँ यांनी त्याची रचना केली व १९५६ मध्ये फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि थडगे ज्ञात नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे या शिळांवर आहेत. घाडगे यांचे नाव आपल्या रेजिमेंटच्या रकान्यात, इतर मराठा सैनिकांच्या बरोबरीने येते. घाडगे जेथे पडले ती जागा येथून बरीच उत्तरेला, उंब्रिया प्रांतात आहे. कॅसिनोच्या लढाईशी त्यांच्या मृत्यूचा थेट संबंध नाही. नामावलीसाठी ती जागा निवडली गेली, इतकेच.

स्मृती

स्वातंत्र्यानंतर परक्या राजसत्तेच्या झेंड्याखाली लढलेल्या सैनिकांचे काय करायचे, याविषयी देशात बराच काळ संकोच होता. शालेय इतिहासात इटलीची मोहीम जवळजवळ आलीच नाही. वास्तविक चौथी, आठवी आणि दहावी या तीन भारतीय डिव्हिजन मिळून सुमारे ५० हजार भारतीय सैनिक तेथे लढले. २३,७२२ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले आणि त्यांपैकी ५,७८२ मृत्युमुखी पडले. इटलीभरातील चाळीस युद्धस्मशानभूमींत त्यांच्या स्मृती विखुरलेल्या आहेत. ज्या पलटणीत घाडगे होते तीही मराठा रेजिमेंटमध्ये राहिली नाही. १९५२ मध्ये तिचे रूपांतर पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत झाले. त्यामुळे घाडगे यांचा वारसा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे आणि छत्रीधारी सैनिकांकडे, असा दोन्हीकडे जातो.

माणगाव येथे तहसील कार्यालयाच्या आवारात घाडगे यांचा पुतळा उभारण्यात आला. सातबारा, दाखले आणि दाव्यांसाठी तालुक्यातील गावोगावचे लोक जेथे येतात ती ही जागा, त्यामुळे स्मशानशांततेतील स्मारकापेक्षा हा पुतळा अधिक लोकांच्या नजरेस पडतो. लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरजवळ २००२ मध्ये खुल्या झालेल्या मेमोरियल गेट्सच्या छत्रीच्या आतील बाजूस, दोन महायुद्धांत व्हिक्टोरिया क्रॉस व जॉर्ज क्रॉस मिळवलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका व कॅरिबियनमधील सैनिकांची नावे आहेत. त्यांतही घाडगे यांचे नाव आहे.

मृत्यूच्या भागातील स्मारक सर्वांत उशिरा झाले. जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील मोंतोने या डोंगरमाथ्यावरील गावाच्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी मिळून घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. अनावरणास भारताच्या इटलीतील राजदूत नीना मल्होत्रा उपस्थित होत्या. हे स्मारक म्हणजे चालते सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य त्यास दिलेले आहे आणि शेजारी भारतीय सैन्याची पाटी बसवलेली आहे. गावाभोवतीच्या टेकड्यांवर १९४४ च्या जुलैत दहावी डिव्हिजन लढली होती.