उशाशी बसणाऱ्या सिसिली सॉन्डर्स

इलाज संपले, घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले की आपण हात टेकतो. वडिलांच्या वेळी आम्ही नुसतेच दाराशी घुटमळलो. सिसिली सॉन्डर्स यांचे काम तिथूनच सुरू झाले. १९१८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या सिसिली युद्धकाळात परिचारिका झाल्या. पाठदुखीने ते काम सुटले. पुढे डेव्हिड टास्मा या कर्करोगाच्या पोलिश रुग्णाशी जीव जडला. १९४८ मध्ये जाताना त्याने ५०० पौंड ठेवले, त्यांच्या भावी शुश्रूषागृहातल्या एका खिडकीसाठी. सिसिली १९५७ साली डॉक्टर झाल्या; १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले. वेदना उफाळण्याआधीच ठरल्या वेळी औषध आणि मनातले ऐकायला जवळ माणूस, ही तिथली रीत. २००५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. आता आम्ही दाराशी थांबत नाही, उशाशी बसतो.