घरून आलेली पत्रं

शंभर डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र असतं, तो लांब केसांचा टकलू म्हातारा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शाळेत आपण त्याला पतंगवाला म्हणून ओळखतो. पावसात पतंग उडवून त्यानं आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच आहे हे दाखवलं, इमारतींवर वीजवाहक सळई लावायला शिकवलं. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, त्या जाहीरनाम्यावर त्याची सही, फ्रान्सबरोबरच्या तहावर त्याची सही, इंग्लंडबरोबरच्या तहावरही त्याचीच. एवढा थोर माणूस, त्याला खरं तर ‘ते’ म्हणायला हवं. पण मैत्रिणींनो, त्याला घरून आलेली पत्रं वाचायला घेतली, की तोंडात ‘तो’च येतं. बायकोच्या पत्रात कुणी थोर नसतं!

परदेशी राहिलेल्या या माणसाला हजारो पत्रं आली. राजेरजवाड्यांची, शास्त्रज्ञांची, नोकरी मागणाऱ्यांची, कवींची. त्यानं ती जपली, म्हणून आज ती छापून निघाली आहेत, इंटरनेटवरही कुणालाही वाचता येतात. मला मात्र त्या ढिगातल्या बायकांच्या पत्रांनी धरून ठेवलं. आधी त्याच्या बायकोच्या, डेबोराच्या.

बेंजामिनचा जन्म 1706 साली बोस्टनमधला. वडील साबण आणि मेणबत्त्या करायचे. घरात सतरा मुलं. याच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं शाळा आली, मग थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी घरातून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. खिशात नाणी थोडी, दोन काखांत एकेक पाव आणि तिसरा खात खात रस्त्यानं चाललेला. एका घराच्या दारात उभी असलेली मुलगी त्याला बघून हसली. तीच डेबोरा रीड. पुढे तो तिच्याच घरी भाड्यानं राहिला, बोलणं झालं, लग्नाचंही ठरल्यासारखं झालं आणि हा लंडनला निघून गेला. तिकडून तिला पत्र पाठवलं फक्त एक. त्यात लिहिलं, मी इतक्यात काही परत येत नाही.

हे पहिलं पत्र लक्षात ठेवा. तिच्या आयुष्यभराची ती नांदीच होती.

तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. तो माणूस कर्ज करून पळून गेला, त्याला आधीची बायको असल्याचीही कुजबुज होती. तो मेला की जिवंत हे कळेना, त्यामुळे बेंजामिन परत आल्यावर या दोघांना चर्चमध्ये रीतसर लग्न करता आलं नाही. 1730 साली दोघं सरळ नवरा-बायको म्हणून राहू लागले. त्याच सुमारास त्याला दुसऱ्या एका बाईपासून झालेला मुलगा घरात आला, विल्यम. त्याची आई कोण हे आजवर कळलेलं नाही. डेबोरानं त्याला वाढवलं. तिचा स्वतःचा पहिला मुलगा फ्रँकी चार वर्षांचा असताना देवीनं गेला. मग कितीतरी वर्षांनी, 1743 साली, सॅली झाली.

ही बाई घरात बसून नव्हती. नवऱ्याच्या छापखान्यातली चोपडी दुमडून शिवायची, दुकानात कागद, शाई, पुस्तकं, सासरचा साबण विकायची, कागदाच्या कारखान्यासाठी जुन्या कापडाच्या चिंध्या विकत घ्यायची. पोस्टाचं काम नवऱ्याकडे आलं तेव्हा तेही तिनं सांभाळलं. बेचाळिसाव्या वर्षी बेंजामिन धंद्यातून मोकळा झाला आणि विजेच्या मागे लागू शकला, त्यात तिच्या हातांचा वाटा किती, हे त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात मान्य केलं आहे.

1757 साली सरकारी कामासाठी तो लंडनला गेला. बरोबर तरुण विल्यम आणि घरातले दोन गुलाम. (हो, त्यांच्या घरात गुलाम होते. म्हातारपणी तो गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला, पण ते फार उशिरा.) डेबोरा गेली नाही. तिला समुद्राची भीती होती, कुणी कितीही समजावलं तरी जहाजात पाय ठेवायला ती तयार नव्हती. लंडनच्या एका स्नेह्यानं तिला पत्र लिहून सुचवलंसुद्धा, की बाई, तुम्ही स्वतः येऊन नवऱ्याकडे लक्ष दिलेलं बरं! तरी नाही गेली. पाच वर्षांनी तो परत आला, दोन वर्षं राहिला आणि 1764 च्या नोव्हेंबरात पुन्हा निघाला. काही महिन्यांत येतो म्हणून.

आता पत्रांची गंमत बघा. पत्र जहाजानं जायचं. पोचायला महिना-दीड महिना, वारा उलटा असला तर त्याहून जास्त. म्हणजे इथून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हातात पडेपर्यंत ऋतू बदललेला. त्या काळी बहुतेक वेळा टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्यानं द्यायचे, आपल्याकडच्या ‘नॉटपेड’ पत्रासारखं. पण फ्रँकलिन अमेरिकेच्या टपाल खात्याचा वरिष्ठ अधिकारी, त्यामुळे त्याच्या पत्रांना टपालखर्च नव्हता. गरीब नातेवाइकांची ती मोठीच सोय!

डेबोराला लिहिता येत होतं, पण जसं बोलावं तसं. स्पेलिंगचा पत्ता नाही, पूर्णविराम कुठे द्यायचा याचा विचार नाही. आपल्या आजीचं ऱ्हस्व-दीर्घ जसं असायचं ना, तसंच. माझी आजी पोस्टकार्डावर जागा संपली की कडेकडेनं उभं लिहायची, ते आठवलं मला. पण डेबोराच्या पत्रांत काय नाही? नवरा गेला तेव्हा नवं घर बांधून पुरं झालं नव्हतं. ते तिनं एकटीनं पुरं करून घेतलं, 1765 साली राहायला गेली आणि कुठल्या खोलीत कुठलं टेबल, कुठे किती खुर्च्या, हे सगळं त्याला कळवत राहिली. तिकडून त्याचे प्रश्न. स्वयंपाकघरातला धूर आणि वास बाहेर काढण्यासाठी त्यानं स्वतःच्या डोक्यानं काही युक्त्या केल्या होत्या, त्या तिला समजावून सांगायच्या राहूनच गेल्या होत्या. तिला ते स्वयंपाकघर चालवता येईल की नाही याची त्याला लंडनमध्ये बसून काळजी. नवरे शतकानुशतकं असेच!

सफरचंदं, मक्याचं पीठ, सुकवलेली फळं ती त्याला जहाजानं पाठवायची. लंडनच्या मैत्रिणींना भेट द्यायला त्याला अमेरिकन खारी हव्या होत्या, तर त्यासुद्धा पाठवल्या. तो पाठवायचा चिनीमातीची भांडी, कापड, गालिचे. एकदा एक मोठा गोलमटोल जग पाठवला आणि लिहिलं, की दुकानात हा बघितला आणि निळ्या-पांढऱ्या सुती झग्यातली गुबगुबीत, नीटनेटकी, हसतमुख तूच आठवलीस.

एका पत्रापाशी मात्र थांबायलाच हवं. सप्टेंबर 1765. इंग्रज सरकारनं कागदपत्रांवर स्टँपचा कर बसवला होता आणि फिलाडेल्फियात अफवा उठली की याला फ्रँकलिनची फूस आहे. जमाव त्याचं घर पाडायला येणार असं बोललं जाऊ लागलं. नऊ दिवस लोक डेबोराला सांगत होते, घर सोड. तिनं सॅलीला दुसऱ्या गावी विल्यमकडे पाठवलं. स्वतः हलली नाही. भाऊ आणि एक नातलग मदतीला आले, त्यांना बंदुका आणायला सांगितल्या. वरची एक खोली दारूगोळ्याची कोठी केली आणि बसली. मी कुणाचं काही वाईट केलेलं नाही, मी कुणाला घाबरून माझं घर सोडणार नाही, असं तिनं नवऱ्याला कळवलं. घर वाचलं. तिच्या धैर्याचं त्यानं पत्रातून कौतुक केलं, पण ते पोचेपर्यंत हिवाळा आला असणार.

काही महिन्यांचा मुक्काम वर्षांवर गेला. 1767 साली सॅलीचं लग्न ठरलं. जावयाची चौकशी, होकार, नकार, सगळं डेबोरावर टाकलेलं. बाप लग्नाला नव्हता. 1769 च्या सुरुवातीला डेबोराला अर्धांगाचा झटका आला. पुढे तिनं त्याला लिहिलं ते कारण डॉक्टरांच्या पुस्तकात नसेल. तुम्ही इतके दिवस आला नाहीत, त्या दुःखानं मी खचले. एवढं स्पष्ट तिनं आधी कधी लिहिलं नव्हतं. त्याच वर्षी नातू झाला आणि पत्रं पुन्हा उजळली. ओळीच्या ओळी त्या पोराच्या! ते वाचून फ्रँकलिनलाही आपला गेलेला फ्रँकी आठवायचा.

पण तो आला नाही. पैशांची चणचण झाली म्हणून तिनं कर्ज काढलं, तर 1771 मध्ये त्यानं सुनावलं, की पैशांच्या बाबतीत तुझं लक्ष कधीच फारसं नव्हतं आणि आता तर तुझी स्मरणशक्तीही गेली आहे. मला इथे त्याचा राग आला, लपवत नाही. जिनं गल्ला सांभाळून त्याला मोकळं केलं, तिलाच हे!

त्याच्या बाजूनं सांगायचं तर कामं खरंच होती. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यातलं भांडण तुटेपर्यंत ताणलं गेलं होतं आणि मध्ये हा उभा. पण क्रेव्हन स्ट्रीटवर त्याचं घरासारखं घर होतं, हेही खरं. घरमालकीण मिसेस स्टीव्हन्सन त्याचं सगळं बघायची, तिची हुशार मुलगी पॉली त्याला पत्रांतून विज्ञानाचे प्रश्न विचारायची आणि तो मन लावून उत्तरं द्यायचा. (ते घर अजून आहे. 2006 पासून तिथे संग्रहालय आहे.)

डेबोराचं आपल्या हाती असलेलं शेवटचं पत्र 1773 च्या ऑक्टोबरातलं. पुढच्या सप्टेंबरात तो लिहितो, नऊ महिने झाले, तुझी एक ओळ नाही. तिला लिहवत नव्हतं. 19 डिसेंबर 1774 ला ती गेली. पत्र लिहिलं विल्यमनं, त्या सावत्र मुलानं. त्यानं वडिलांना कळवलं, की तुम्ही शरद ऋतूत यायला हवं होतं. या हिवाळ्यात ते आले नाहीत तर माझी त्यांची भेट नाही, असं ती म्हणाली होती.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार, त्यातल्या शेवटच्या सतरांपैकी जवळजवळ पंधरा वर्षं पत्रांवर काढलेली. त्या नव्या घरात ती दोघं एकत्र एक दिवसही राहिली नाहीत. 1775 च्या मे महिन्यात तो परत आला तेव्हा युद्ध पेटलं होतं.

दीड वर्षात तो पुन्हा बाहेर, या वेळी फ्रान्सला, मदत मागायला. सत्तरी ओलांडलेली. तिथली पत्रं निराळी. मादाम ब्रियाँ त्याला लाडानं पपा म्हणत शंभरावर पत्रं लिहिते. अमेरिकेच्या सैन्यात भरती व्हायला निघालेले लोक शिफारशी मागून त्याचा जीव खातात, इतके की ज्याला मी ओळखत नाही अशा माणसाची शिफारस कशी करावी, याचा त्यानं एक विनोदी नमुनाच लिहून ठेवला! आणि सॅलीचं पत्र, लेस आणि टोपीत खोवायची पिसं पाठवा म्हणून. बाप भडकला. देशात युद्ध चालू आणि तुला लेस? कपड्यांची भोकं शिवू नकोस, आपोआप लेस होईल. पिसं काय, अमेरिकेतल्या कुठल्याही कोंबड्याच्या शेपटीत मिळतील. हे लिहिणाऱ्याच्या तळघरात तेव्हा दारूच्या हजारावर बाटल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्याच सॅलीनं इतर बायकांबरोबर दारोदार वर्गणी गोळा केली आणि सैनिकांसाठी दोन हजारांवर सदरे शिवून घेतले. अमेरिकेत शिकवताना हे सांगतात का कोण जाणे.

एक पत्रलेखिका मात्र अखेरपर्यंत टिकली. धाकटी बहीण जेन. पंधराव्या वर्षी खोगीर करणाऱ्या कर्जबाजारी माणसाशी लग्न, बारा मुलं, त्यातली अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. लग्नात भावानं आहेर म्हणून चहाचं टेबल द्यायचं मनात आणलं होतं, मग विचार करून सूत कातायचा चरखा पाठवला. त्या काळी तिथे मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. तरी ती लिहीत राहिली. वडिलांच्या पद्धतीचा साबण तिला यायचा, तो फ्रान्समधल्या मैत्रिणींना द्यायला त्यानं मागवून घेतला. 1785 मध्ये तो घरी परतल्यावरही पत्रं थांबली नाहीत. एका पत्रात तिनं लिहिलं, की केवळ संधी न मिळाल्यामुळे जगाला किती न्यूटन मुकले असतील! कुणाबद्दल लिहिते आहे हे तिनं सांगितलं नाही.

स्पेलिंग चुकतं म्हणून ती माफी मागायची. म्हाताऱ्या भावानं तिला एक किस्सा लिहून पाठवला. एका साहेबाला नोकराची चिठ्ठी आली, की अमुक घरी नव्हता म्हणून निरोप त्याच्या वायएफकडे दिला. साहेबाला कळेना, मॅडमला कळेना. शेवटी मोलकरणीला बोलावलं. ती म्हणाली, अहो वायएफ म्हणजे वाइफ, दुसरं काय होणार? तिघांत शहाणी ती एकटी, असं फ्रँकलिनचं म्हणणं.

17 एप्रिल 1790 ला तो गेला. लंडनची पॉली तोवर मुलाबाळांसह फिलाडेल्फियाला येऊन राहिली होती, ती उशाशी होती. त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं त्याप्रमाणे त्याला डेबोराशेजारी पुरलं. वर साधा सपाट दगड. त्यावर बेंजामिन आणि डेबोरा फ्रँकलिन अशी नावं आहेत आणि खाली एकच साल, 1790. डेबोराचं 1774 त्यावर नाही.