विश्लेषण : ऑस्ट्रेलियातील ‘लॅसेटर रीफ’ खरेच होते का? वाळवंटातल्या सोन्यासाठी जीव गमावणारा लॅसेटर कोण होता?

ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध उलुरू खडक पाहायला निघालेले पर्यटक स्टुअर्ट महामार्ग सोडून पश्चिमेकडे वळतात, तेव्हा त्या रस्त्याच्या पाटीवर नाव दिसते ‘लॅसेटर हायवे’. ज्याच्या नावाने हा रस्ता आहे, त्याने सांगितलेली सोन्याची खाण आजवर कुणालाही सापडलेली नाही.

लॅसेटर कोण होता?

लुइस ह्युबर्ट लॅसेटरचा जन्म १८८० मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातला. पुढे त्याने स्वतःचे नाव हॅरॉल्ड बेल लॅसेटर असे लावले. शिक्षण बेताचे, पण बोलणे आणि लिहिणे चांगले. काही वर्षे तो अमेरिकेत होता, नंतर न्यू साऊथ वेल्समध्ये शेती केली. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती झाला, पण प्रकृतीच्या कारणाने घरी पाठवला गेला. सिडनी हार्बर पुलाच्या आराखड्याची कल्पना मूळ आपलीच, असाही त्याचा दावा होता. मोठ्या गोष्टी सांगण्याची त्याची सवय सोन्यापासून सुरू झालेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे.

सोन्याचा दावा काय होता?

ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याने कालगुर्लीच्या खासदारांना पत्र पाठवले. मध्य ऑस्ट्रेलियात मॅकडोनेल डोंगररांगेच्या पश्चिम टोकाला आपल्याला १८ वर्षांपूर्वी सोने असलेला प्रचंड खडकपट्टा सापडला, असे त्यात होते. रीफ म्हणजे खडकातून गेलेली गारगोटीची लांब शीर. तिच्यात सोने असेल तर एक शीर आख्खे गाव उभे करू शकते. सरकारने चौकशी केली आणि विषय बाजूला ठेवला.

काही महिन्यांनी तो सिडनीत कामगार संघटनेचे नेते जॉन बेली यांच्याकडे गेला. आता गोष्ट बदलली होती. शोध १८ नव्हे तर ३३ वर्षांपूर्वीचा, म्हणजे तो अवघा १७ वर्षांचा असतानाचा. एका सर्वेक्षकाच्या मदतीने जागा पुन्हा शोधली, पण घड्याळे चुकीची असल्याने नोंदलेले ठिकाणही चुकले, असे स्पष्टीकरण त्याने जोडले.

तरीही लोकांनी विश्वास का ठेवला?

उत्तर त्या वर्षात आहे. १९३० मध्ये जागतिक मंदीने ऑस्ट्रेलियाला गाठले होते, लोकांची कामे जात होती. कालगुर्लीत १८९३ मध्ये पॅडी हॅनन या साध्या माणसाला सोने सापडले आणि ओसाड माळावर शहर उभे राहिले, ही आठवण ताजी होती. एकदा घडले ते पुन्हा का घडणार नाही? ‘सेंट्रल ऑस्ट्रेलियन गोल्ड एक्सप्लोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली, ट्रक आणि विमान घेतले गेले. जुलै १९३० मध्ये फ्रेड ब्लेकली यांच्या नेतृत्वाखाली तुकडी अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून निघाली.

मोहीम कुठे फसली?

जवळजवळ सगळीकडेच. वाळूचे उंचवटे आणि काटेरी झुडपांतून ट्रक ढकलावा लागत होता. विमान कोसळले, वैमानिक जखमी झाला. ब्लेकलींना संशय होताच. आपण शोधतो ती जागा इथून बरीच दक्षिणेला आहे, असे लॅसेटर सांगू लागला तेव्हा त्यांचा संयम संपला आणि ते माघारी फिरले. लॅसेटर मात्र पॉल जॉन्स या डिंगोच्या शिकाऱ्याबरोबर उंटांवरून पुढे गेला. (डिंगो म्हणजे तिथले रानकुत्रे, ते मारल्याबद्दल बक्षीस मिळे.)

एके दिवशी तो एकटाच फिरून आला आणि रीफ सापडल्याचे त्याने सांगितले. जागा मात्र सांगेना. जॉन्सने त्याला खोटारडे ठरवले, मारामारी झाली आणि जॉन्स परतला. पुढे लॅसेटरच्या शोधासाठी पाठवलेले दुसरे विमानही बेपत्ता झाले. त्यातले दोघे जानेवारी १९३१ मध्ये जिवंत सापडले, हे नशीबच.

शेवटचे दिवस कसे गेले?

लॅसेटरचे उंट सामानासह पळून गेले. पीटरमन डोंगररांगेजवळ हल नदीच्या काठच्या गुहेत त्याने सुमारे २५ दिवस काढले. डोळे आले होते, पोट बिघडले होते. तिथल्या पितजांत्जत्जारा लोकांनी त्याला अन्न दिले. या गोष्टीच्या अनेक आवृत्त्यांत त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते. पण पाणी कुठे आहे हे त्या प्रदेशात फक्त त्यांनाच ठाऊक होते, आणि तो इतके दिवस जगला तो त्यांच्यामुळे.

२५ जानेवारीला तो १४० किलोमीटरवरच्या माउंट ओल्गाकडे निघाला. जवळ दोन लिटरहूनही कमी पाणी होते. एका आदिवासी कुटुंबाची सोबत असूनही सुमारे ५५ किलोमीटरच पार झाले. २८ जानेवारीच्या सुमारास तो मरण पावला. वय ५०. मार्चमध्ये बॉब बक यांना मृतदेह सापडला. पत्नीला लिहिलेली पत्रे आणि डायरीही मिळाली. रीफ सापडले, खुंट्या ठोकून हद्द आखली, असे डायरीत आहे. मरणाच्या दारात, बायकोसाठी लिहिताना माणूस खोटे लिहील का, हा प्रश्न आजही समर्थक विचारतात. पण मनापासून लिहिलेले आणि खरे असलेले यात फरक असतो. तो लबाड होता यापेक्षा त्याने स्वतःलाच पटवले होते, हे अधिक शक्य वाटते.

मग शोध थांबला का?

उलट वाढला. १९३१ मध्येच आयन इड्रिएस यांचे ‘लॅसेटर्स लास्ट राइड’ आले आणि तुफान खपले. त्यानंतर कित्येक मोहिमा गेल्या, लॅसेटरचा मुलगाही वर्षानुवर्षे शोधत राहिला. आता त्या भागातली बरीच जमीन मूळ रहिवाशांच्या मालकीची आहे आणि तिथे शिरायला परवाना लागतो. डायरी सिडनीच्या ग्रंथालयात आहे. अस्थी अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या स्मशानभूमीत हलवल्या गेल्या आणि त्याच गावात त्याच्या नावाचा कॅसिनो आहे.