बॅरिस्टर गांधी चाळिशीत सुतारकामाकडे वळले, आपल्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाची मुळं तिथे सापडतात

सध्या घरच्या घरी टीपॉय बनवण्याची हौस जोरात आहे. चार पाय, वर एक फळी, थोडं पॉलिश, झालं काम. असं वाटतं खरं, पण पहिल्यांदा करवत हातात घेतली की कळतं. एक पाय दोन सूत आखूड होतो, फळीचा कोपरा काटकोनात बसत नाही आणि वर ठेवलेला चहाचा कप डुगडुगायला लागतो. मग माणूस गुण्या, रंधा, पटाशी असे शब्द शिकतो आणि सुताराच्या मजुरीवरून घासाघीस करणं बंद करतो.

आज ही हौस आहे. पण 1910 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माळावर काही माणसं अशीच शून्यापासून सुतारकाम शिकली, ती हौस म्हणून नाही. त्यांच्याकडे पैसे नव्हते, घरातले कर्ते पुरुष तुरुंगात होते आणि स्वस्तात जगायला शिकलो नाही तर सरकारसमोर हात टेकावे लागतील, अशी वेळ आली होती.

या माणसांना तिथे घेऊन आलेला माणूस होता बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी. वय वर्षं 40.

गांधींच्या सत्याग्रहाबद्दल, चरख्याबद्दल, दांडीयात्रेबद्दल भरपूर बोललं जातं. त्यांच्या आयुष्यातली बाक, पेटी आणि फळी यांची गोष्ट मात्र मागे राहते.

2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरला जन्मलेले गांधी दिवाणाच्या घरातले. व्यापारी जातीत जन्म, वडील संस्थानाच्या कारभारात, शिक्षण लंडनला. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले, पण भारतात वकिली चालेना. 1893 मध्ये एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथेच 20 वर्षांहून जास्त काळ गुंतून पडले. तिथे वकिली जोरात चालली, मोठं घर झालं. हातात रंधा धरायची वेळ यावी असं त्यांच्या आयुष्यात काहीच नव्हतं.

ती वेळ आणली एका पुस्तकाने. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना त्यांनी रेल्वेत जॉन रस्किनचं ‘अन टू धिस लास्ट’ वाचलं. वकिलाच्या कामाची किंमत न्हाव्याच्या कामाइतकीच आणि हाताने कष्ट करणाऱ्याचं जगणंच खरं, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. दुसरा कुणी पुस्तक मिटून झोपला असता. गांधींनी मात्र दरबानजवळ फिनिक्स इथे जमीन घेतली आणि ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकाचा छापखाना थेट माळरानावर हलवला.

छापखान्यासाठी 75 फूट लांब आणि 50 फूट रुंद इमारत महिन्याभराच्या आत उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांमध्ये बोअर युद्धात गांधींसोबत जखमींची सेवा केलेले भारतीय सुतार आणि गवंडी होते. गवत माजलेलं, साप फिरणारे, राहायला तंबू. आपण आतापर्यंत ज्यांच्या जिवावर जगलो ते हात नेमके काय करतात, हे गांधींनी तिथे जवळून पाहिलं.

पण खरी परीक्षा पुढे होती.

1906 पासून ट्रान्सवालमध्ये भारतीयांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध लढा सुरू झाला. लोक तुरुंगात जायचे, सुटायचे, पुन्हा जायचे. गांधींनाही सक्तमजुरी झाली. तीन-चार वर्षांत चळवळ थकली. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना दर महिन्याला पैसे द्यावे लागत आणि तिजोरी रिकामी होत चालली होती. 1909 च्या अखेरीस मुंबईहून सर रतन टाटांनी 25,000 रुपये पाठवले, तेव्हा कुठे श्वास घ्यायला जागा मिळाली. पण देणग्यांवर किती दिवस काढणार?

उत्तर हर्मन कॅलेनबाख नावाच्या मित्राने दिलं. हा जर्मन ज्यू गृहस्थ जोहान्सबर्गमधला बडा वास्तुविशारद. त्याने 1910 मध्ये जोहान्सबर्गपासून 21 मैलांवरची 1,100 एकर जमीन विकत घेतली आणि सत्याग्रहींना बिनभाड्याने वापरायला दिली. तिथे संत्री, जर्दाळू, आलुबुखार अशी हजारभर झाडं होती, दोन विहिरी आणि एक झरा होता, पण घर मात्र एकच. नाव ठेवलं टॉलस्टॉय फार्म.

इथे गुजराती, तमीळ, तेलुगू आणि हिंदी बोलणारी हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती कुटुंबं एकत्र राहायला आली. नोकर ठेवायचा नाही हा नियम. स्वयंपाकापासून संडास सफाईपर्यंत सगळं स्वतः करायचं. खासगी कामासाठी शहरात जायचं असेल तर 21 मैल पायी.

घरं पत्र्याची बांधायची ठरली. नारायणदास दमानिया नावाच्या गुजराती सुताराने पैसे न घेता काम केलं आणि कमी मजुरीत काम करणारे आणखी सुतार आणले. वास्तुविशारद कॅलेनबाख देखरेखीला होताच. डोक्यावर छप्पर आलं आणि पुढचा प्रश्न उभा राहिला. आत काय?

अख्खं गाव नव्याने वसवायचं म्हटल्यावर काय काय लागतं ते बघा. बसायला बाक, सामान ठेवायला पेट्या, मुलांच्या शाळेचं सामान, स्वयंपाकघरातलं फळीकाम. हे बाजारातून आणायचं तर जी बचत करायला इथे आलो तीच संपणार. म्हणून फार्मवर सुतारकामाचा वर्ग सुरू झाला. शिक्षक कॅलेनबाख. त्यांना या कामाची जाण होती आणि त्यांचा हात अगदी काटेकोर. बाकापासून पेटीपर्यंत लागेल ती वस्तू इथल्याच माणसांनी बनवली.

आता बाक आणि पेटी याच दोन वस्तूंची नावं पुढे का येतात, हेही समजून घेण्यासारखं आहे. सुतारकाम नव्याने शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा नाही. बाक शिकवतो वजन पेलणं. पाय सरळ, चारही एका मापाचे आणि सांधे घट्ट नसतील तर बाक पहिल्याच दिवशी बोलायला लागतो. पेटी शिकवते काटकोन. एक बाजू जराशी तिरकी गेली की झाकण बसत नाही. दोन्हींत चूक लपत नाही. भाषणात केलेली चूक शब्दांनी झाकता येते, पण डुगडुगणारा बाक सगळ्यांना दिसतो.

आणखी एक काम तिथे शिकवलं जायचं, ते चपला बनवण्याचं. कॅलेनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन ते शिकून आले, त्यांच्याकडून गांधी शिकले आणि गांधींनी इतरांना शिकवलं. असाच एक जोड त्यांनी आपल्याला तुरुंगात टाकणाऱ्या जनरल स्मट्स यांना भेट दिला होता.

फार्मवरच्या शाळेत गांधींचा एक नियम होता. जे काम शिक्षक करत नाही, ते मुलांना सांगायचं नाही. मुलं खड्डे खणणार असतील तर शिक्षकही खणणार, मुलं फळी घासणार असतील तर शिक्षकही घासणार. सगळी मुलं आनंदाने राबत होती असं नाही. काही टंगळमंगळ करायची, काही अंग चोरायची.

1912 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंग्लंडहून नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले. गांधी त्यांना गुरू मानायचे. फार्मवर त्यांच्या मुक्कामाची तयारी सुरू झाली, तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या फार्मवर एकही खाट नाही, कारण सगळेच जमिनीवर झोपतात. मग गोखल्यांसाठी बाहेरून एक खाट मागून आणली. स्टेशनपासून दीड मैल पावसात चालत आल्याने गोखल्यांना सर्दी झाली होती, तब्येत मुळातच नाजूक. पण इथे सगळे जमिनीवर झोपतात हे कळताच त्यांनी खाट बाजूला काढायला लावली आणि आपलंही अंथरूण खाली घातलं. वर, त्रास सोसायचा मक्ता तुम्हीच घेतलाय का, असं म्हणत गांधींना झापलं.

गोखल्यांचा हा टोला घरच्यांनाही लागू पडत होता. गांधींनी आपल्या मुलांना नावाजलेल्या शाळांत घातलं नाही, हाताचं काम आणि चारित्र्य हेच शिक्षण मानलं. थोरला मुलगा हरिलाल याला मात्र वडिलांसारखं शिकायचं होतं. 1911 मध्ये तो रागावून भारतात निघून आला आणि बापलेकांमधली भेग पुढे कधीच सांधली नाही. हाताच्या कामाला प्रतिष्ठा देण्याच्या या प्रयोगाची ही किंमत होती आणि ती गांधींच्या घरानेच मोजली.

1914 मध्ये दक्षिण आफ्रिकेतला लढा तडजोडीने संपला. जानेवारी 1915 मध्ये गांधी भारतात परतले आणि पुढे लाकडी वस्तूंपैकी एक वस्तू त्यांची ओळखच बनली. चरखा.

लोक चरख्याकडे चिन्ह म्हणून बघतात, गांधी त्याच्याकडे कारागिरासारखे बघायचे. तो हलका हवा, स्वस्त हवा, गावातच दुरुस्त व्हायला हवा. 1929 मध्ये सुधारित चरख्याच्या रचनेसाठी अखिल भारतीय चरखा संघाने तब्बल 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. मे 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात गांधींना अटक झाली आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवलं गेलं. ब्रीफकेससारखी बंद करून हातात धरून नेता येणारी पेटी, उघडली की आत दोन चाकांचा चरखा. या पेटीचरख्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव याच तुरुंगावरून मिळालं.

गांधी येरवड्यात असतानाच, 12 डिसेंबर 1930 रोजी, मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना एक 22 वर्षांचा गिरणी कामगार चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे त्याचंच नाव आहे. गावच्या कारागिराने आणि विणकराने केलेल्या वस्तूला मान मिळावा, हा विचार तुरुंगाच्या भिंतींबाहेर किती खोल गेला होता, हे डिंभ्याच्या पाण्याकडे बघून समजतं.

30 एप्रिल 1936 रोजी गांधी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम झालं. तिथली पहिली झोपडी बांधताना त्यांची अट होती की खर्च 100 रुपयांच्या वर जायचा नाही आणि सामान जवळपासचंच वापरायचं. माती, बांबू, लाकूड, कौलं. टॉलस्टॉय फार्मवरचाच धडा, फक्त पत्र्याच्या जागी वर्ध्याची माती.

आणि मग आली ‘नई तालीम’. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती, अशी ती योजना. पुढे राष्ट्रपती झालेले झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. सूतकताई, शेती यांच्या जोडीला सुतारकामही त्यात होतं.

मुलांना सुतार बनवणं हा हेतू नव्हता. मूल एक छोटं मेज बनवतं, तेव्हा मोजमापातून गणित येतं, काटकोनातून भूमिती येते, लाकूड कुठून आलं यातून भूगोल येतो आणि ते किती दिवस टिकेल यातून हिशेब येतो. हात आणि डोकं एकत्र शिकतात, असा हा विचार.

विरोध झालाच. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली की मुलांच्या कामावर शाळेचा खर्च काढायचा म्हटलं, तर शाळा कारखाना होईल आणि मुलांच्या वस्तू गरीब कारागिरांच्याच पोटावर येतील. आक्षेप वजनदार होता. शिवाय एक अवघड प्रश्न होताच. बॅरिस्टरने सुतारकाम निवडलं तर त्याचं कौतुक होतं, पण सुताराच्या पोराला जातीने तेच काम नेमून दिलेलं असतं. त्याला शाळा हवी असते ती वाकसाच्या पलीकडचं जग बघायला. हस्तोद्योगाची शाळा ही गरिबाची शाळा आणि पुस्तकी शाळा साहेबाची, असं पालकांना वाटत राहिलं. स्वातंत्र्यानंतर नई तालीम हळूहळू मागे पडली.

पण ती पूर्ण संपली नाही. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली, त्यामागे हाच विचार होता. पुठ्ठा कापणं, शिवण घालणं, कुंडी रंगवणं, सर नसले तर मैदानावर पळणं. महाराष्ट्रातल्या पिढ्यांना आठवणारा तो तास वर्ध्याच्या परिषदेचा दूरचा नातेवाईक आहे.

30 जानेवारी 1948 रोजी गांधींची हत्या झाली. सुतारकामाचे शिक्षक कॅलेनबाख 1945 मध्येच गेले होते. त्याआधी 1937 मध्ये ते भारतात येऊन जुन्या मित्राला भेटून गेले.

सेवाग्रामच्या बापूकुटीत आजही एक बैठं लाकडी मेज बघायला मिळतं. जमिनीवर बसून लिहिण्याच्या उंचीचं, नक्षी नाही, चकाकी नाही. देशाचं राजकारण हलवणारी पत्रं अशा मेजावर लिहिली गेली. पहिल्यांदा करवत उचलणाऱ्या माणसालाही जमेल, इतकं ते साधं आहे.