हाफकिन साहेबांची लस

लेकराला लस टोचून आणताना किंवा गोठ्यातल्या गाईला टोचून घेताना, ही लस गुणकारी आहे हे प्रथम कोणी व कसे पारखले, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. भगिनींनो, अशी पारख करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या वाल्डेमार हाफकिन यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथे त्यांचे गुरू मेचनिकॉफ हे सूक्ष्मदर्शकातून शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात ते पाहत. पुढे पॅरिसला हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली व 1892 साली प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1893 साली ते हिंदुस्थानात आले.

1896 साली मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात थोड्याशा जागेत त्यांनी काम मांडले. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब सोडले, की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू भरपूर वाढत. मग ते तापवून मारायचे व त्यांची लस करायची. पेशींची लढाई काचेखाली दिसते खरी, पण सारे शरीर तगते की नाही हे जिवंत प्राण्यातच कळते. म्हणून त्यांनी सशांना लस टोचली, नंतर प्लेगचे जिवंत जंतू दिले. ससे वाचले. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली, ताप सोसला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजी असलेल्या कैद्यांना ती दिली. न टोचलेल्यांपेक्षा टोचलेल्यांत रोग पुष्कळच कमी झाला.

त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. लस तेव्हा नुकतीच जन्मली होती.

1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचल्यावर 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांचे पद गेले. परंतु ती सारी माणसे एकाच बाटलीतली लस घेतलेली होती, इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. 1907 साली ते निर्दोष ठरले. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

ज्यांनी आधी स्वतःला सुई टोचून घेतली, त्यांचे नाव जुन्नर-आंबेगावच्या घराघरांतील लेकरांना माहीत असावे. आणि चिमटा, सुई, भांडे उकळून स्वच्छ ठेवण्याची गोष्ट किती मोलाची, हेही त्यांच्या चरित्रातून आपण घ्यावे.