प्रतिजैविकांआधीचे हाफकिन
कॉटन ग्रीनजवळच्या परळमधील संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते वाल्डेमार हाफकिन प्रतिजैविकांच्या आधीच्या काळातले. जन्म १८६०, ओडेसाचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि ते इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात लसीच्या एका बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो पुसायला १९०७ उजाडले. इतका उशीर अक्षम्यच. १९३० मध्ये ते लोझानला वारले.

पुढे स्ट्रेप्टोमायसिनने प्लेग बरा होऊ लागला. मात्र १९९५ मध्ये मादागास्करमधील एका रुग्णात या औषधासह अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा प्लेगचा जिवाणू सापडला. त्याला हे बळ देणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्याचे भाऊबंद नंतर अमेरिकेत दुकानांतल्या मांसातील जिवाणूंतही निघाले.